विक्रीसाठी हस्तकलेचे फोटो : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

यादी पक्की झाली. झिलईची मातीची भांडी, क्रोशाचं विणकाम, चांदीच्या तारेचे दागिने, निळीत रंगवलेलं हातमागाचं कापड आणि लेथवर केलेल्या लाकडी डब्या. काम पाच जणांचं, पण ऑनलाइन दुकान एकच, त्यामुळे सगळे फोटो शेजारी शेजारी दिसणार.

कॅमेरा बाहेर काढण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: समोर आलेला माणूस तुमची वस्तू हातात घेतल्यावर आधी काय बघतो?

कुंभारकाका क्षणभरही थांबले नाहीत. "बूड. कप उलटा करतात आणि बुडाच्या कडेवरून बोट फिरवतात. टेबलावर चरे पडतील का, ते बघायचं असतं." क्रोशावाल्या मावशी म्हणाल्या, "मागची बाजू. दोरा कुठे संपवलाय, गाठ दिसते का." दागिने करणारी ताई म्हणाली, हूक आणि वजन. डब्या करणाऱ्या दादांकडे लोक झाकण लावून, काढून, परत लावून बघतात. आणि विणकर काकू म्हणाल्या, "उजेडाकडे धरून बघतात बाई, विरळ आहे का घट्ट ते."

शॉटची यादी माझ्या दृष्टीने तिथेच तयार झाली. ऑनलाइन घेणाऱ्याला वस्तू उलटी करता येत नाही, उजेडाकडे धरता येत नाही, झाकण उघडता येत नाही. हे सगळं त्याच्यासाठी फोटोंनी करायचं आहे. सुंदर मुख्य फोटो हवाच, पण त्यावर फक्त बोट थांबतं. घ्यायचं की नाही हे बुडाच्या आणि मागच्या बाजूच्या फोटोवर ठरतं.

५ फेब्रुवारी

जागा लावली. थेट ऊन न येणारी मोठी खिडकी, तिला काटकोनात टेबल. टेबलावर पांढरा कार्डशीट, मागे भिंतीवर वळवून चढवलेला. वळणाला घडी पडू दिली नाही, म्हणजे पार्श्वभूमीत रेघ येत नाही. खिडकीवर बटर पेपर चिकटवला. वस्तूच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला, तो उजेड परतवतो आणि सावलीची बाजू उघडते.

सावली किती मऊ पडेल हे वस्तूच्या मानाने प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो, यावर ठरतं. म्हणून कानातल्याला लहान खिडकीही पुरते, तर मोठ्या शालीला तीच खिडकी कडक सावली देते. टेबल खिडकीजवळ ओढलं की सावली मऊ होते, पण वस्तूच्या दोन बाजूंमधला फरक वाढतो, कारण अंतर वाढलं की उजेड घटतो आणि खिडकीच्या जवळ ही घट जास्त जाणवते. काठाशी पांढरा पडलेला आणि दुसऱ्या टोकाला काळवंडलेला कपड्याचा फोटो बहुतेक वेळा याच कारणाने तसा होतो. मोठी वस्तू असेल तर टेबल मागे घ्यायचं.

खोलीतले दिवे बंद. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. पिवळ्या बल्बचा रंग साधारण २७०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीचा ७००० च्याही वर. बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की भांड्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते, आणि नंतर संगणकावर एक सुधारायला गेलं की दुसरी बिघडते.

६ फेब्रुवारी

फोन की कॅमेरा, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. चांगल्या उजेडात फोन पुरतो. फक्त जवळ जायचं नाही. फोनची मुख्य लेन्स रुंद असते. जवळून काढलं की कपाचं तोंड मोठं, बूड बारीक आणि कान बाहेर आल्यासारखा दिसतो. दोन पावलं मागे येऊन २एक्स झूम वापरायचा. काही फोन अगदी जवळ गेल्यावर न सांगता अतिरुंद लेन्सवर उडी मारतात, ते सेटिंगमध्ये बंद करून ठेवायचं. पोर्ट्रेट मोड अजिबात नको. तो कडा ओळखून मागचं धूसर करतो आणि त्या नादात झालरीचे दोरे, कपाच्या कानातली पोकळी, तारेच्या वेलांट्या खाऊन टाकतो.

मी बहुतेक काम कॅमेऱ्यावर, ट्रायपॉड लावून, एफ ८ ते एफ ११ (लेन्सचं लहान छिद्र, म्हणजे वस्तू पुढून मागेपर्यंत स्पष्ट) आणि आयएसओ १०० (कमी संवेदनशीलता, म्हणजे फोटोत दाणे नाहीत) वर करणार आहे. शटर हळू चाललं तरी चालेल, वस्तू कुठे पळत नाही. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्काही नाही.

९ फेब्रुवारी

काकांची भांडी. पूर्ण दिवस काळ्या झिलईच्या एका वाडग्यावर घातला आणि तो सत्कारणी लागला.

चकचकीत काळ्या वाडग्याचा स्वतःचा रंग कॅमेऱ्याला फार थोडा मिळतो. मिळतं ते त्यात पडलेलं प्रतिबिंब. त्यामुळे उजेड कमी-जास्त करून काही होत नाही. वाडग्यात काय दिसू द्यायचं, हे ठरवावं लागतं. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, शाळेत शिकलेला एवढाच नियम. पण वाडगा गोल असल्याने त्याच्या प्रत्येक इंचाचा कोन वेगळा, आणि त्यात अर्धी खोली मावते: खिडकीची चौकट, ट्रायपॉड, माझा कुडता.

आधी कॅमेऱ्याच्या जागेवर डोळा ठेवून एकेक गोष्ट हलवली. समोर काळा कार्डशीट उभा केला आणि त्याला फक्त लेन्सपुरतं भोक पाडलं. प्रतिबिंबातून ट्रायपॉड गेला, मीही गेले. मग बटर पेपर खिडकीपासून सोडवून वाडग्याच्या बाजूला, जवळ आणि थोडा तिरपा उभा केला. खिडकीचे चौकोन जाऊन त्या जागी एक लांब, वरून खाली विरत जाणारी पांढरी पट्टी आली. काठापासून पोटापर्यंत ती पट्टी जशी वळते, तसा वाडग्याचा घाट कळतो. चाकावर काकांच्या बोटांनी उठलेली वलयंसुद्धा त्या पट्टीच्या कडेवर लहरीसारखी दिसली. ती वलयं मला हवीच होती. साच्यातल्या वाडग्याला ती नसतात.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर फिरवायची चकाकी कमी करणारी काच, लावून पाहिला. झिलई, वॉर्निश, काच यांच्यावरची चकाकी त्याने खरंच कमी होते. सर्वांत जास्त होते ती कॅमेरा पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनात बघत असताना. पण पूर्ण फिरवला तर वाडगा कोरडा, मॅट दिसायला लागतो, आणि तो मॅट नाही. चकाकी हा झिलईचा गुण आहे. अर्धा फिरवून थांबले. आतल्या बाजूचे निळे ओघळ तेवढ्याने उघडे झाले.

काळ्या वस्तूला कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं, हेही इथेच लिहून ठेवते. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. काळा वाडगा चौकटभर असेल तर तो राखाडी करून देतो, पांढरी शाल असेल तर तीही राखाडीच. काळ्यासाठी एक्स्पोजर एक पायरी खाली, पांढऱ्यासाठी एक पायरी वर, आणि मग हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा आलेख) बघून नेमकं करायचं.

१० फेब्रुवारी

बुडाचे फोटो झाले. कप कुशीवर झोपवून, बुडाची बिनझिलईची कडा फोकसमध्ये. काकांचा ठसाही त्यातच आला. काका मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "हे कुणी काढत नाही." आता काढायचं.

१३ फेब्रुवारी

काकूंचं निळीचं कापड. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त धास्ती याची होती, आणि यावरच सर्वांत जास्त लिहायचं आहे.

कापड टेबलावर गडद, किंचित हिरवी झाक असलेलं निळं. पडद्यावर तेच जांभळट. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) नीट लावला, पांढरा पांढरा आला, शेजारच्या लाकडाचा रंगही बरोबर आला, आणि कापड तरीही जांभळटच. हा दोष उजेडाचा नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवरच्या, लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या आपल्या डोळ्यातल्या पेशींसारख्या हुबेहूब बघत नाहीत. बहुतेक रंगांना हा फरक कळून येत नाही. निळ्या-जांभळ्याच्या हद्दीवरच्या रंगद्रव्यांना मात्र येतो, कारण ती ज्या लहरी परतवतात त्यातल्या काहींना डोळा कमी महत्त्व देतो आणि सेन्सर जास्त.

रंगीत छायाचित्राची सुरुवात अशाच एका कापडापासून झाली. १८६१ साली भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चौकड्यांच्या कापडी फितीचं रंगीत चित्र पडद्यावर दाखवलं. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून टिपलेल्या तीन प्लेट होत्या, टिपल्या होत्या छायाचित्रकार थॉमस सटन यांनी. त्या काळच्या प्लेटना लाल उजेड जवळजवळ दिसतच नसे, तरी लाल रंग उमटला. कोडॅकच्या संशोधकांनी १९६१ मध्ये त्याचं कारण दाखवलं: फितीचा लाल भाग अतिनील किरणही परतवत होता, आणि ते लाल गाळणीतून पार होत होते. म्हणजे तेव्हापासूनच कापडाचा रंग, डोळा आणि कॅमेरा यांची तोंडं तीन दिशांना आहेत. माझ्या टेबलावर आज तेच चाललं होतं.

जे केलं ते असं. पहिल्या फ्रेममध्ये कापडावरच राखाडी कार्ड ठेवलं आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून घेतला. साध्या पांढऱ्या कागदावरून घेतला नाही, कारण छपाईच्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील शोषून निळा उजेड सोडतात. तो निळेपणा काढायला गेलं की सगळा फोटो पिवळसर होतो. नंतर संगणकावर फक्त निळ्याचा आणि जांभळ्याचा ह्यू (रंगछटा) सरकवला, बाकी रंगांना हात लावला नाही. कापडाची घडी पडद्याशेजारी, खिडकीच्याच उजेडात धरली आणि जुळेपर्यंत सरकवलं. पडद्याची रात्रीची पिवळी झाक बंद आहे ना, हे आधी तपासलं. या बदलाचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, जपून ठेवला, फक्त या निळीसाठी.

काकूंना पडदा दाखवला. त्यांनी कापड उचलून पडद्याला लावलं, मग मागे घेतलं, परत लावलं. "आता माझं आहे," म्हणाल्या.

घेणाऱ्याच्या फोनचा पडदा माझ्या हातात नाही. म्हणून वर्णनात रंग शब्दांनीही सांगायचा: किती वेळा बुडवलं, गडद की फिकट, हिरवट झाक आहे की नाही. काकूंनी रंगवण्याची रीत सांगितली: कापड पिंपातून निघतं तेव्हा पिवळट हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. प्रत्येक बुडवणीला एक थर गडद. त्यामुळे दोन ठाण कधीच तंतोतंत एक नाहीत. म्हणजे एका नमुन्याचा फोटो लावून दुसरं कापड पाठवणं बरोबर नाही. निळीच्या प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा फोटो निघणार. काम वाढलं, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

कापड उजेडाकडे धरूनचा फोटो: तुकडा खिडकीवर ताणून लावला, मागून उजेड. ताणे-बाणे मोजता येतील इतके स्पष्ट. सोबत घडीवर मोजपट्टी ठेवून एक.

विणीवर इंद्रधनुषी लाटा आल्या तर घाबरायचं कारण नाही. सेन्सरवरही बारीक जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून चालत आलेली ही मांडणी, अर्धे बिंदू हिरव्याचे आणि उरलेले लाल-निळ्यात वाटलेले. कापडाची वीण आणि ही जाळी जवळपास एकाच मापाच्या झाल्या की लाटा उठतात. कॅमेरा थोडा पुढे-मागे किंवा कापड जरा तिरकं केलं की जातात. मात्र तपासायचं ते शंभर टक्क्यांवर. लहान करून बघताना दिसणाऱ्या लाटा पुष्कळदा पडद्याच्या असतात, फोटोत नसतात.

१८ फेब्रुवारी

मावशींचा क्रोशा. पांढरा दोरा पांढऱ्या कागदावर ठेवला तर काहीच दिसत नाही, म्हणून खाली राखाडी-निळा कार्डशीट. उजेड समोरून नको, एका बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकून येणारा. मग प्रत्येक खांबाला, म्हणजे उभ्या टाक्याला, स्वतःची सावली मिळते आणि साखळी कुठे संपली, खांब कुठे सुरू झाला, ते वाचता येतं. थर्माकोल काढूनच टाकला, तो सावल्या भरून काढतो आणि इथे सावल्याच हव्यात.

मागच्या बाजूचा फोटो मावशींनी स्वतः मांडला. दोरा कुठे संपवलाय तिथे बोट ठेवलं. ते बोट फोटोत राहू दिलं. मापही कळतं आणि काय बघायचं तेही. दोऱ्याला सुई टोचून वीण सरळ करायला त्यांना वेळ लागला. तो वेळ दिला पाहिजे. फोटो काढण्याआधीची इस्त्री, कुसळं काढणं आणि बोटांचे ठसे पुसणं यावर जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट वेळ संगणकावर वाचतो.

२१ फेब्रुवारी

ढगाळ, अंधारलेलं. एलईडी दिव्यांवर काम केलं. खोक्यावर सीआरआय ९५ लिहिलेले आहेत. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, जास्तीत जास्त १००. पण सीआरआयचा ठळक आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, भडक लाल त्यात धरलेला नसतो. त्याचा आकडा वेगळा, आर९. मावशींच्या लाल दोऱ्याची फुलं एका दिव्याखाली विटकरी दिसली, दुसऱ्याखाली नीट. दिवा घ्यायचा असेल तर आर९ विचारूनच.

स्वस्त दिव्यांची लुकलुकही आहेच. ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात आणि वेगवान शटरला आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवलं की पट्टे जातात.

२४ फेब्रुवारी

चांदी. वाडग्याचाच धडा, पण जास्त कडक. उघड्या धातूवर पोलरायझरचा उपयोग जवळजवळ नाही, ती चकाकी वेगळ्या जातीची असते. चारी बाजूंनी बटर पेपरचा तंबू केला. सगळीकडून पांढरं आल्यावर चांदी प्लास्टिकसारखी सपाट दिसली. मग तंबूच्या आत काळ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या लावल्या. त्या तारेच्या कडेवर बारीक काळ्या रेघा होऊन उतरल्या आणि तारेला गोलाई आली.

कानातलं उभं राहत नव्हतं. मागे चिमूटभर चिकट पुट्टी लावली, समोरून दिसणार नाही अशी. इतक्या जवळून एफ ११ ठेवूनही पुढची वेलांटी स्पष्ट तर हूक धूसर. त्याहून छिद्र लहान केलं की सगळंच थोडं मऊ पडतं. म्हणून फोकस पुढून मागे सरकवत अनेक फ्रेम घेतल्या आणि जोडल्या. ताईने हूकचा वेगळा फोटो मागितला होता, तोही याच पद्धतीने झाला. वजन फोटोत दाखवता येत नाही, ते ग्रॅममध्ये लिहायचं. कानात घातलेला एक फोटो मात्र लागणारच. पट्टीवर किती मिलिमीटर हे वाचून कानाखाली किती लोंबेल, याचा अंदाज कुणालाच येत नाही.

२६ फेब्रुवारी

डब्या पटकन झाल्या. झाकण बंद, झाकण अर्धं उचललेलं, झाकण शेजारी. लाकडाच्या रेषा बाजूच्या उजेडात आपोआप उठतात.

१ मार्च

रीटच. यावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. एका कपाच्या झिलईत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे. काका म्हणाले, "ते पुसून टाक ना, भट्टीत होतं कधी कधी." मी म्हटलं, "काका, पुसलं तर कप पोचल्यावर त्यांना ते दिसणार. आणि मग बाकीच्या फोटोंवरही विश्वास राहणार नाही." ते गप्प बसले. मग म्हणाले, "दाखव तर. पण लिही की गळत नाही."

तेव्हा सगळ्यांसाठी नियम ठरला. वस्तूवर नंतर आलेलं काढायचं: धूळ, कुसळ, बोटाचा ठसा, कागदावरचा डाग. वस्तूत घडताना आलेलं ठेवायचं: छिद्र, ओघळ, गाठ, रंगातला फरक. आपोआप पार्श्वभूमी कापणारी साधनं वापरणार नाही. मावशींची झालर आणि ताईंची जाळीदार तार त्यात कापली जाते. त्वचेवर फिरवायचे गुळगुळीत करणारे फिल्टर तर नाहीच. हाताच्या खुणा हेच तर लोक विकत घेणार आहेत, त्याच कशा पुसायच्या?

३ मार्च

फाइलींचं काम. लांब बाजू २००० पिक्सेल, रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे बहुतेक पडद्यांना कळणाऱ्या नेहमीच्या रंगपटात. काही फोन यापेक्षा रुंद रंगपटात फोटो साठवतात आणि त्या रंगपटाची नोंद (प्रोफाइल) वाटेत गळली की तेच फोटो फिकट दिसतात, म्हणून निर्यात करताना बदलून घेतलं. चौकोनी लघुचित्रात वस्तूचा कान किंवा झालर कापली जाऊ नये, यासाठी चारी बाजूंना मोकळी जागा ठेवली आहे. फाइलीतली जागेची नोंद पुसली, कारण फोनच्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात आणि हे सगळे जण घरातूनच काम करतात.

प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर लिहिला, ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी. "कप, फोटो १" असं नाही. "काळ्या झिलईचा वाडगा, आतून निळे ओघळ, काठ किंचित बाहेर वळलेला." हे लिहिताना लक्षात आलं की मुख्य वर्णनापेक्षा ही वाक्यं जास्त नेमकी झाली आहेत. काकूंच्या कापडाच्या वर्णनात तीच उचलून टाकली.

५ मार्च

पहिली खेप चढवली. उरलेलं: ताईच्या कानातल्यांचे घातलेले फोटो, लाल फुलं खिडकीच्या उजेडात पुन्हा, आणि काकूंचे नवे तीन तुकडे. ते अजून ओले आहेत, सुकल्यावर रंग बसेल तेव्हाच काढायचे. राखाडी कार्ड आणि निळीचा प्रीसेट त्यासाठी हाताशी ठेवला आहे.